ईसीजीत कारण सापडलं होतं, तरी इको का केला? ऊसतोड करणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाळप हंगाम ऐन भरात होता. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडावर आलेल्या टोळीतली ही बाई, वय ३४. ओळख पटू नये म्हणून वय, वेळा आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत. नवरा ऊस तोडायचा. ही पाचट काढून मोळ्या बांधायची आणि डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत वाहायची. सकाळी सातच्या सुमारास मोळी उचलता उचलता उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं. "अंगावरून वारं गेलं," असं टोळीतल्या म्हाताऱ्यांनी जागेवरच सांगितलं. एकानं वाऱ्याचं औषध देणाऱ्या माणसाचं गावही सुचवलं. मुकादमानं मात्र कुणाचं न ऐकता तिला जीपमध्ये घातलं आणि साडेआठला ती आमच्या दारात होती. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय कदाचित त्या मुकादमाचाच.

आमचं रुग्णालय तालुक्याच्या गावातलं. सीटी स्कॅन आहे, फिजिशियन चोवीस तास असतात, न्यूरोलॉजिस्ट फोनवर मिळतात, हृदयरोगतज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात. साधं टू-डी इकोचं, म्हणजे छातीवरून हृदयाची सोनोग्राफी करायचं, मशिन आहे. अन्ननलिकेतून इको करायची सोय, म्हणजे टीईई, नाही. त्यासाठी रुग्णाला मोठ्या शहरात पाठवावं लागतं.

पूर्वीचा इतिहास नवऱ्याकडून तुकड्यातुकड्यानं मिळाला. दोन वर्षांपासून चढावर दम लागायचा. गावाकडं दाखवलं तेव्हा "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. छातीचा फोटो, ईसीजी, काहीच झालेलं नव्हतं. लहानपणी सांधे सुजून धरायचे, ही गोष्ट तिसऱ्या दिवशी तिची आई आली तेव्हा कळली. आणखी एक माहिती नवऱ्यानं सहज सांगितली: "पिशवी काढलीय तिची, चार-पाच वर्षं झाली." ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती, तो विषय इथं नको. पण ही नोंद पुढं औषध ठरवताना कामी आली, म्हणून लिहितो.

अडचण

आली तेव्हा रक्तदाब ११०/७०, साखर १०४, नाडी १२०च्या आसपास आणि पूर्ण अनियमित. शुद्धीत होती, पण बोललेलं समजत नव्हतं आणि शब्द फुटत नव्हता. उजवी बाजू जवळजवळ निकामी, एनआयएचएसएस गुण (पक्षाघाताची तीव्रता; जितके जास्त तितका वाईट) १३. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे, अलिंदं, नुसती थरथरत होती. सीटीत रक्तस्राव नाही. सीटी अँजिओत (रंगद्रव्य सोडून केलेल्या धमन्यांच्या स्कॅनमध्ये) मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीची एक मोठी फांदी बंद.

इथं वरवर पाहिलं तर कोडं सुटलेलंच होतं. हृदयाची लय बिघडली, अलिंदात गुठळी झाली, ती मेंदूत गेली. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांनी केसपेपरवर पुढचा बेतही लिहिला होता: "एएफ स्ट्रोक. स्थिर झाल्यावर ॲपिक्साबॅन." म्हणजे रक्त पातळ करणारी नव्या पिढीची गोळी. सत्तरीच्या रक्तदाबाच्या रुग्णात हा बेत बऱ्याचदा बरोबरच ठरतो. पण चौतिसाव्या वर्षी, रक्तदाब नाही, थायरॉइडची लक्षणं नाहीत, दारू नाही, तरी एएफ का? ईसीजी मेंदूतल्या गुठळीचा उगम सांगत होता. लय कशामुळे बिघडली ते त्यात कुठंच नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय मिनिटांत घ्यायचा होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि त्यासाठी इकोची वाट पाहायची नसते. सहसा या नियमावर आम्ही चर्चाही करत नाही. या वेळी करावी लागली, कारण नवरा म्हणाला, "सायेब, मधी दोन-तीन दिवस कणकण व्हती तिला." ताप, अनियमित नाडी आणि पक्षाघात एकत्र आले की झडपेच्या जंतुसंसर्गाची, म्हणजे एंडोकार्डायटिसची शंका घ्यावीच लागते. तो असेल तर हेच इंजेक्शन मेंदूत मोठा रक्तस्राव घडवू शकतं, म्हणून त्यात ते देत नाहीत.

तीन वाटा होत्या. कणकणीकडे दुर्लक्ष करून इंजेक्शन देणं. शंका आहे म्हणून न देणं, म्हणजे चौतीस वर्षांच्या बाईची वाचा आणि उजवा हात बहुधा कायमचा जाऊ देणं. किंवा इंजेक्शन भरेपर्यंत, घड्याळ न थांबवता, खाटेशेजारी इकोचा प्रोब ठेवून पाहणं. तिसरी वाट घेतली. तेवढ्यात नखं, तळवे, डोळ्यांची पापणी तपासली. रक्ताच्या बारीक ठिपक्यांसारखं काही नव्हतं. अंगात ताप नव्हता. नवऱ्याला पुन्हा खोदून विचारलं तेव्हा कणकण दोन आठवड्यांपूर्वीची, सर्दी-खोकल्यासोबतची निघाली.

प्रोब ठेवल्यावर जे दिसलं त्यासाठी तज्ज्ञाची गरज नव्हती. मायट्रल, म्हणजे डाव्या अलिंदाच्या दारावरच्या झडपेची पानं जाड, टोकांशी एकमेकांना चिकटलेली, उघडताना मध्येच फुगणारी. मागं डावं अलिंद प्रचंड मोठं. संधिवाताच्या तापानं, म्हणजे रुमॅटिक फीव्हरनं आकसलेली झडप. झडपेवर हलणारा गोळा दिसला नाही. घाईत, कुशीवर न वळवता केलेल्या अशा इकोवरून एंडोकार्डायटिस नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, हे इथं स्पष्ट लिहायला हवं. इंजेक्शन देण्याचा कौल तापमान, तपासणी आणि कणकणीची खरी तारीख यांनी दिला. इकोनं फक्त विरोधात पुरावा आणला नाही. रक्ताचे कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) मात्र पाठवून ठेवले.

दुसरा निर्णय औषधाचा, आणि इथं इकोनं सगळा बेत पालटला. एएफमध्ये आता सर्रास नव्या पिढीची रक्त पातळ करणारी औषधं दिली जातात. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासायला नको, पथ्य कमी, ऊसतोडीच्या स्थलांतरी आयुष्याला ती सोयीची. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात रुमॅटिक हृदयविकार आणि एएफ असलेले साडेचार हजारांवर रुग्ण होते, त्यातही स्त्रियाच जास्त. एका गटाला रिव्हारोक्साबॅन, दुसऱ्याला वॉरफेरिनच्या जातीची जुनी औषधं दिली. जुन्या औषधांच्या गटात मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्राव काही वाढला नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: सुरुवातीला त्या गटातल्या जेमतेम एक-तृतीयांश लोकांचा आयएनआर योग्य पट्ट्यात होता. म्हणजे आपल्याकडे जशी ओढाताण असते तशीच तिथंही होती, आणि तरी जुनं औषध सरस ठरलं. "हिला आयएनआर जमणार नाही, म्हणून नवी गोळी देऊ," हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. जमवावा कसा, याचा विचार करावा लागतो.

वॉरफेरिन किंवा त्याच जातीचं ॲसिट्रॉम लिहिताना तरुण बाईत नेहमी अडतं ते गर्भारपणावर, कारण ही औषधं पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. इथं तो प्रश्न उरलेला नव्हता. कशामुळे, ते वर आलंच आहे.

तिसरा निर्णय टीईईचा. छातीवरून केलेल्या इकोत अलिंदाची मुख्य खोली दिसते, पण त्याला लागून असलेला अपेंडेज नावाचा छोटा कप्पा नीट दिसत नाही. आणि गुठळ्या बहुतेक वेळा तिथंच दडतात. मग लगेच शहरात पाठवून टीईई करून घ्यायचा का? न्यूरोलॉजिस्टचं मत करावा असं होतं. हृदयरोगतज्ज्ञांनी उलट विचारलं: गुठळी दिसली तर काय वेगळं करणार? रक्त पातळ करणारं औषध दोन्ही प्रकारे द्यायचंच आहे. तिला गिळता येत नव्हतं, नाकातून नळी होती. गुंगी देऊन घशातून प्रोब घालण्यात अन्न-लाळ फुप्फुसात जाण्याचा धोका होता. अलिंदात मोकळी तरंगणारी मोठी गुठळी असती तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता, पण तशी गुठळी छातीवरून दिसते आणि ती नव्हती. टीईई खरा लागणार होता पुढं, फुग्यानं झडप उघडण्याआधी. म्हणून तो तेव्हाच करायचं ठरलं.

काय केलं

नऊ वाजून वीस मिनिटांनी टेनेक्टेप्लेज, म्हणजे ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, दिलं. वजन ४२ किलो, किलोमागे ०.२५ या हिशेबानं साडेदहा मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी गुण १३ वरून ६ वर आले. सीटीत रक्तस्राव नव्हता, मध्यम आकाराचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला मेंदूचा भाग, होता.

दुसऱ्या दिवशीचा इको व्यवस्थित झाला, कारण तो मागताना फॉर्मवर नेहमीचं "स्ट्रोक वर्कअप" न लिहिता प्रश्न लिहिले होते: झडपेचं क्षेत्रफळ किती? फुग्यासाठी झडप योग्य आहे का? गळती किती? अलिंदात गुठळी किंवा धूर? फुप्फुसाचा दाब किती? उत्तरं अशी आली: क्षेत्रफळ ०.९ चौरस सेंटिमीटर (दीडच्या खाली गेलं की आकसणं तीव्र समजतात), नाडी ८८ असताना झडपेच्या दोन बाजूंतला सरासरी दाबफरक १२, गळती किरकोळ, अलिंदात रक्त संथ फिरत असल्याचा दाट धूर, फुप्फुसाचा दाब वाढलेला, झडप किती खराब झालीय ते सांगणारे विल्किन्स गुण ८, म्हणजे फुग्याला अनुकूल. दाबफरकाशेजारी नाडी लिहिलेली होती ही चांगली गोष्ट. मायट्रल आकसलेली असताना नाडी वाढली की दाबफरक फुगतो. नाडी माहीत नसेल तर तो आकडा पुढच्या वेळी कशाशी ताडायचा?

त्याच रिपोर्टच्या तळाशी मात्र एक ओळ होती, जी आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक इको रिपोर्टवर असते: "क्लॉट / व्हेजिटेशन / पीई नाही", म्हणजे गुठळी, जंतुसंसर्गाचा गोळा किंवा हृदयाभोवती पाणी नाही. टेम्प्लेटमध्येच भरलेली असते ती. तपासणारा ती टाइपही करत नाही. अपेंडेज दिसला की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. आम्ही तिच्याखाली पेनानं लिहिलं, "अपेंडेज पाहिलेला नाही. बलूनआधी टीईई आवश्यक." पुढं या दोन वाक्यांचा उपयोग झाला.

कल्चर कोरे आले, ताप आला नाही. औषध कधी सुरू करायचं यावर थोडी चर्चा झाली. लवकर सुरू केलेलं सोसतं असं २०२३ च्या एलान अभ्यासातून दिसलं होतं, पण तिथली औषधं नव्या पिढीची. ती मोजपट्टी आमच्या रुग्णाला जशीच्या तशी लावता येत नव्हती. ताबडतोब पूर्ण मात्रेचं हेपरिन द्यावं हा आग्रह काहींचा असतो; त्यात रक्तस्रावाचा धोका फायद्यापेक्षा जड होतो, म्हणून ते टाळलं. मधल्या काळात ॲस्पिरिन दिलं. पाचव्या दिवशी पुन्हा सीटी करून, रक्तस्राव नसल्याची खात्री करून ॲसिट्रॉम २ मिलिग्रॅम रात्री सुरू केलं, आयएनआरचं लक्ष्य २ ते ३. नाडी आवरायला मेटोप्रोलोल. रुमॅटिक ताप उलटू नये म्हणून पेनिसिलिन. झडपेचा विकार तीव्र असताना इंजेक्शननंतर हृदय अचानक कोलमडण्याची भीती लक्षात घेऊन आधी गोळ्या, फुगा झाल्यावर दर तीन आठवड्यांचं इंजेक्शन असं ठरलं.

घरी सोडताना खरा प्रश्न उभा राहिला तो उचलीचा. नवऱ्यानं मुकादमाकडून हंगामाची उचल घेतलेली. ती फेडल्याशिवाय गावी जाता येत नव्हतं. बायकोला काम जमणार नाही, म्हणजे कोयता (नवरा-बायकोची जोडी) अर्धाच. बाई फडावरच्या कोपीत राहिली. आम्ही शाळेच्या वहीत आयएनआरच्या तारखा, मात्रा आणि फोन नंबर लिहून दिले. मुकादमाला सांगून ठेवलं की ठरल्या दिवशी जीप लागेल, आणि त्यानं ती बऱ्याचदा दिली. अंगदुखीची गोळी परस्पर घ्यायची नाही, हे तिला, नवऱ्याला आणि सोबतच्या जावेला वेगवेगळं सांगितलं.

परिणाम

हंगाम संपेपर्यंत आयएनआर बऱ्यापैकी राहिला. मग टोळी गावी परतली आणि ठरल्याप्रमाणे तिसऱ्या महिन्यानंतर शहरात टीईई झाला. अपेंडेजमध्ये सेंटिमीटरभर मोठी गुठळी. त्या दिवशीचा आयएनआर १.३.

औषध घेऊनही गुठळी राहिली, म्हणजे औषध फसलं का? तसं असतं तर शस्त्रक्रिया करून झडप आणि गुठळी दोन्हींचा बंदोबस्त करावा, हा पर्याय पुढं आला असता, आणि तिथल्या पथकानं तो मांडलाही. पण त्याआधी कुणीतरी तिची सामानाची पिशवी रिकामी करायला लावली. पत्र्याच्या डबीत ॲसिट्रॉमच्या पट्ट्या होत्या, सगळ्या १ मिलिग्रॅमच्या. गावाकडच्या मेडिकलमध्ये २ ची संपली होती, दुकानदारानं १ ची दिली. "रात्री एक" एवढंच पाठ असल्यामुळे रात्री एकच चालू राहिली. एक दिवस नाही, जवळजवळ सगळा उन्हाळाभर. औषध फसलं नव्हतं, निम्मं पोटात जात होतं.

शस्त्रक्रिया मागं पडली. मात्रा वाढवून आयएनआर अडीचच्या आसपास आणला. पट्टीच्या नावाऐवजी वहीत आता "२ मिग्रॅ. किंवा १ च्या दोन" असं लिहिलं, आणि आशाताईंना त्यात घेतलं. याच दिवसांत एका शिबिरात कुणीतरी जुना रिपोर्ट वाचून "क्लॉट नाही, फुगा लगेच करून घ्या" असा सल्ला दिला होता. पेनानं लिहिलेली ओळ नवऱ्यानं बोटानं दाखवली, म्हणून ते तिथंच थांबलं. अपेंडेजमध्ये गुठळी असताना तार आणि फुगा अलिंदात फिरवला तर गुठळी सुटून दुसरा पक्षाघात होऊ शकतो.

आणखी सुमारे तीन महिन्यांनी दुसरा टीईई झाला, अपेंडेज स्वच्छ. त्याच दाखल्यात फुग्यानं झडप उघडली. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. क्षेत्रफळ ०.९ वरून १.७, दाबफरक १२ वरून ५, गळती वाढली नाही. ती आता आधाराशिवाय चालते. उजव्या हाताची बोटं बारीक कामात अडखळतात. छोटी वाक्यं बोलते. नावं आठवायला वेळ लागतो, मग हातवारे करते. दम लागत नाही.

फुगा झाल्यावर घरच्यांनी विचारलं ते अपेक्षितच होतं: "झडप उघडली, मग आता गोळी बंद?" नाही. एएफ तसंच आहे, अलिंद मोठंच आहे, एकदा गुठळी जाऊन बसलेली आहे. ॲसिट्रॉम चालूच राहणार.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच्या सीटी अँजिओत स्कॅन महाधमनीच्या कमानीपाशी थांबला होता. तो थोडा खाली, हृदयापर्यंत नेला असता तर त्याच वेळी अपेंडेज दिसला असता. ॲम्स्टरडॅममधल्या माइंड द हार्ट अभ्यासात पक्षाघाताच्या ४५२ रुग्णांत हेच करून पाहिलं होतं: गुठळीचा धोकादायक उगम सीटीत ११.४ टक्के लोकांत सापडला, छातीवरच्या इकोत ४.९ टक्के. एक मेख आहे. संथ रक्तात रंगद्रव्य उशिरा पोहोचतं आणि रिकामा अपेंडेजही गुठळी असल्यासारखा दिसतो. म्हणून थोडं थांबून दुसरी फेरी घ्यावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी तंत्रज्ञ एकटा असताना हे रोज जमेल असं मला वाटत नाही. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत मात्र आम्ही ते सुरू केलं आहे. या बाईत त्यानं औषध बदललं नसतं. पण तीन महिन्यांनी दिसलेली गुठळी जुनी की नवी, हा वाद उरला नसता.

टीईई पुढं ढकलण्याबाबत आमच्यात अजूनही एकमत नाही. न्यूरोलॉजिस्टांचं म्हणणं, गिळणं सुधारल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो करता आला असता आणि मग पट्टीचा घोळ गुठळीच्या आकारावरून लवकर लक्षात आला असता. मला वाटतं तो आयएनआरनं लवकर लक्षात यायला हवा होता. गावी परतल्यावर दोन तपासण्या चुकल्या होत्या, आणि टोळीचं स्थलांतर कधी होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. त्या आठवड्यात तपासणी फडाजवळ नको, गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात लावायला हवी होती.

आणि त्याही आधीचा प्रश्न. दम लागतो म्हणून ती दोन वर्षं दाखवत होती. लोहाच्या गोळ्या लिहिण्याआधी कुणी डाव्या कुशीवर वळवून छातीला स्टेथो लावला असता, तर कदाचित आवाज ऐकू आला असता. आमच्याकडे आता कारखान्याच्या आरोग्य तपासणीत दम लागणाऱ्या चाळिशीच्या आतल्या बायकांची यादी वेगळी काढतात आणि हृदयरोगतज्ज्ञ येतात त्या दिवशी इकोला बोलावतात. टोळ्या यायच्या आत यंदाची यादी मुकादमांकडून मिळवायची आहे.